लाल झाकण, निळं झाकण

सुनेला घरात सगळे 'स्वच्छता खातं' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सासूबाई गेल्या, पाहुणे पांगले, तशी तिने घरातले डबे, बरण्या, झाकणं सगळं घासून लखलखीत केलं. त्याला तीन आठवडे झाले. आज तिचा मोर्चा सासूबाईंच्या औषधांकडे वळला. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, मोरीत ओतू नका, इथे आणून द्या, अशी पाटी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात लागली होती.

आता सासूबाईंची एक रीत होती. सासऱ्यांचे हात थरथरत, त्यांना पाकिटातून गोळी काढता येत नसे. म्हणून त्या सगळ्या गोळ्या आधीच काढून दोन सारख्या बाटल्यांत भरून ठेवत. लाल झाकण सासऱ्यांचं, बीपीचं. निळं सासूबाईंचं स्वतःचं, शुगरचं. वर चिठ्ठी नाही की काही नाही, सगळा कारभार झाकणांच्या भरवशावर.

सुनेने निळ्या झाकणाची बाटली दुकानातल्या बाईंपुढे ठेवली.

"शुगरच्या गोळ्या आहेत, सासूबाईंच्या. उरल्यात."

बाईंनी गोळ्या ताटलीत ओतल्या, एक उचलून चष्म्याजवळ नेली. "अहो, ह्या तर बीपीच्या आहेत."

"छे, असं कसं होईल?"

"ही गोळीवरची खूण बघा ना. रोज विकते मी." बाई थबकल्या. "मग शुगरच्या कुठे आहेत?"

सुनेला सगळं आठवलं. गोळ्या वाट्यांत काढल्या तिने, बाटल्या घासल्या तिने, आणि झाकणं उलटसुलट लावली तीही तिनेच. तेव्हापासून सासऱ्यांना दरदरून घाम येत होता, चक्कर येत होती. खाणंही चिमणीएवढं. जोडीदार गेल्याचं दुःख आहे, हळूहळू ओसरेल, असं सगळे म्हणाले आणि तिनेही मान डोलावली. कसलं ओसरतंय! रोज नाश्त्यानंतर ती स्वतःच्या हाताने लाल झाकण उघडून देत होती.

"त्या सासरे घेतायत," म्हणत तिने घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

"पळा," बाई म्हणाल्या. "शुद्धीवर असतील तर आधी साखरपाणी पाजा. मी डॉक्टरांना पाठवते."

सून चपला दुकानातच विसरून धावली. सासरे खुर्चीत होते, सदरा घामाने भिजलेला. फोन हाताशी होता, पण उचलायचं त्राण नव्हतं. तिने पेल्यातल्या पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि ते घोट घोट पाजलं.

दहा-पंधरा मिनिटांत त्यांची नजर स्थिरावली. मग तिने सगळं सांगून टाकलं, रडत रडत, काही न लपवता. "बाबा, माझ्यामुळे तुमचा जीव गेला असता."

ते आता तोंडाला येईल ते बोलतील, असं तिला वाटलं. पण ते लाल झाकणाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी हिच्या गोळ्या खात होतो?"

"हो, बाबा."

"मग तिलाही असंच व्हायचं? हा घाम, ही डोळ्यांपुढची अंधारी?"

"जेवायला उशीर झाला की व्हायचं."

रिकामा पेला सासऱ्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आणि मी तिला इतकी वर्षं म्हणत होतो," ते म्हणाले, "झालं तुझं नाटक सुरू."