अंजनाबाईची मेणबत्त्यांची पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. आतून मी काळीकुट्ट झाले आहे आणि माझं झाकणही नीट बसत नाही. मला जळत्या घरातून बाहेर काढलं असावं, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं काही घडलं नाही. जे घडलं ते आठवलं की अजून माझा पत्रा थरथरतो.

माझा जन्म चंद्रपूरचा. बाबूभाई नावाच्या कारागिरानं पत्रा कापला, कडा दुमडल्या आणि ठोकून ठोकून मला आकार दिला. मग निळा रंग देऊन झाकणावर दोन पोपट काढले. धानोऱ्याच्या देवरावांनी मला बसच्या टपावर चढवून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईनं, माझ्यावरून हात फिरवला. "पोपट मोठे झाक हायेत जी!" ती म्हणाली. पहिली काही वर्षं मी तिची लुगडी सांभाळली.

गावात वीज नवी होती. जरा वारा सुटला की दिवे जात. अंजनाबाई सावध बाई. एका वर्षी दिवाळीनंतर बाजारात वाकड्या, टोकं मोडलेल्या मेणबत्त्या किलोच्या भावानं मिळत होत्या. तिनं पिशवी भरून आणल्या. पुढच्या बाजाराला आणखी आणल्या. लुगडी दोरीवर गेली आणि माझ्या पोटात मेणबत्त्या, काडीपेट्या, टॉर्चचे सेल आले.

"दुकान लावून राह्यली का वं?" देवराव हसले.

"हसा तुम्ही. येळ काई सांगून येत नाई."

मला तिचं म्हणणं पटलं. आपण गावाच्या उपयोगी पडणार, म्हणून मी मनातून फुगले होते. पण तिनं मला कुलूप लावलं आणि ते कधी काढलंच नाही. वीज गेली तरी ती घासलेटची चिमणी लावायची. शेजारी बायनाबाई एकट्या राहत. एका संध्याकाळी त्या दारात आल्या.

"अंजना, एक मेणबत्ती दे वं. घासलेट सरलं माह्यं."

अंजनाबाईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नाई ना बायनाबाई. सरल्या."

मी गळ्यापर्यंत भरलेली होते! बायनाबाई भिंतीला हात लावत परत गेल्या. त्या रात्री माझं मन लागलं नाही.

मग चौऱ्याऐंशीचा उन्हाळा आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात दुपारी चिमण्याही आवाज करत नाहीत. घरात अडचण होते म्हणून देवरावांनी मला बाहेरच्या टिनाच्या छपरीत ठेवलं. वर तापलेलं टिन, बाजूनं ऊन. एका दुपारी माझ्या पोटात काहीतरी सरकलं. मला कळेना काय होतंय. मेणबत्त्या एकमेकींवर वाकल्या, चिकटल्या आणि हळूहळू पाणी होऊन माझ्या तळाशी पसरल्या. काडीपेट्या बुडाल्या, सेल बुडाले. मी ओरडणार कशी? संध्याकाळी सगळं थिजलं. बाहेरून पाहणाऱ्याला मी होते तशीच, पोपटांची निळी पेटी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं घरी परतायच्या वेळेला, वावधन उठलं. असा वारा मी कधी पाहिला नव्हता. दिवे गेले. छपरांवरचे कवेलू उडू लागले. मग कडाड् आवाज झाला आणि मोहाचं झाड बायनाबाईंच्या घरावर आडवं झालं.

अंजनाबाई धावली. अंधारात ढिगाऱ्याखालून आवाज आला, "अंजना, मी इथी हाय वं. पाय दबला."

शेजारचा चैतू एक लाकूड ओढायला गेला, तर वरची माती घसरली आणि बायनाबाई किंचाळल्या. "उजेड आणा!" तो ओरडला. "दिसल्याबिगर हात लावता येत नाई. चुकीचं लाकूड निघालं तं म्हतारी जाईल!"

कंदिलाची काच वाऱ्यानं फुटली होती. चिमणी टिकेना. अंजनाबाई छपरीकडे पळत आली, तिनं कुलूप काढलं आणि झाकण उघडलं. आत हात घालताच ती मागे सरकली.

"अवं माय! हे काय होऊन गेलं?"

एकही मेणबत्ती नव्हती. होती ती थिजलेली एक लादी, टॉर्चचे सेलही तिच्यातच गाडलेले. देवरावांनी विळ्यानं खरवडून पाहिलं, पण ती सुटेना. पुन्हा बायनाबाईंचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक.

अंजनाबाईनं देवरावांच्या हातातला विळा थांबवला. "पेटीच पेटवा," ती म्हणाली.

तिनं घरातलं जुनं लुगडं आणून टरकावलं, त्याच्या चिंध्या पिळून मेणाच्या भेगांत खोचल्या, वर मेणाचा चुरा टाकला. देवरावांच्या खिशात बिडीची काडीपेटी होती. दोन काड्या विझल्या. तिसरी लागली.

मित्रांनो, माझ्या पोटात आग होती! रंगाला फोड आले, पत्रा तडतडला. मी घाबरले होते. पण चैतू आणि देवरावांनी ओलं पोतं हाताला गुंडाळून मला उचललं आणि ढिगाऱ्यापाशी नेलं. अंजनाबाईनं माझं झाकण वाऱ्याला आड धरलं. ज्योत झुकली, पण टिकली. पहिल्यांदाच सगळं दिसलं. फाटे, माती, आणि त्यांच्यात अडकलेला बायनाबाईंचा चेहरा. अंजनाबाईला त्या चेहऱ्याकडे बघवेना. ती फक्त झाकण धरून उभी राहिली, हात भाजला तरी.

"ते नाई, खालचं! हा, ते!" चैतू सांगत होता. एकेक लाकूड निघत गेलं. मेण संपत आलं तेव्हा बायनाबाई बाहेर आल्या. पाय मोडला होता, पण त्या जिवंत होत्या.

पुढे त्या कायमच्या लंगडत चालू लागल्या. घर पुन्हा उभं राहीपर्यंत त्या अंजनाबाईकडेच राहिल्या. त्याच पावसाळ्यात अंजनाबाईनं नव्या मेणबत्त्या आणल्या आणि मातीच्या गार माठात ठेवल्या. त्याही साऱ्या नाहीत. आधी आमच्या गल्लीत घरोघर दोन-दोन वाटल्या. "सरल्या तं सांगा," ती म्हणायची.

देवराव मला भंगारात देणार होते. तिनं देऊ दिलं नाही. आता माझ्यात सरपणाच्या ढलप्या असतात. माझी तक्रार नाही.

एकच विनवणी आहे, मित्रांनो. संकटासाठी वस्तू जरूर साठवा, पण कुलूप लावून विसरू नका. अधूनमधून झाकण उघडा, हात घालून बघा. आणि शेजारी दारात आला, तर त्याचं संकट आजच आहे हे ओळखा.