मान मागे वळवून

"आई, निरांजन असंच धर. हलू नकोस," म्हणत सुलू देवघरापुढून झपझप चालत गेली. पाय पुढे, मान मात्र मागे, डोळे ज्योतीवर.

मालिनीबाईंना ज्योत तेवढी दिसत होती. लेकीचं तोंड नुसतं धुकं झालं होतं. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उरलासुरला उजेड दिवाळीपर्यंत. अमेरिकेत अवकाशयानांच्या कामावर असलेली सुलू पाच वर्षांनी आली होती आणि उद्या निघणार होती.

"ही ज्योत म्हणजे गुरूचा चंद्र. त्याच्यावर ज्वालामुखीचे डोंगर पेटलेत. मार्चमधल्या यानानं दाखवलं, आता जुलैत दुसरं जाईल. एवढ्या वेगात कॅमेरा सरळ धरला तर फोटो हलतो. म्हणून जाता जाता तो मागे वळवत राहायचा. कधी, किती, ते आम्ही आधीच ठरवतो."

"आणि एखादा फोटो राहिला तर?"

"राहिला. यान मागे फिरत नाही, आई."

मालिनीबाईंनी चाचपून वात पुढे सारली.

"त्या चंद्राला चतुर्थी असते का गं?"

"पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी घालतो तो."

"अगंबाई. मग उपास सोडायला पान वाढेपर्यंत दुसरी संकष्टी यायची."

सुलू हसली आणि मध्येच थांबली. "दिवाळीला जमेलसं वाटत नाही. पुढचं काम..."

"मी विचारलं का?"

सकाळी भोरच्या स्टँडवर मालिनीबाई चंद्राबाईचा हात धरून उभ्या राहिल्या. चंद्राबाई दूध घालायला यायची. संकष्टीचा चंद्र उगवल्याचंही अलीकडे तीच सांगायची.

"खिडकीपाशी बसलीया, वैनी. हात करा की."

मालिनीबाईंनी तिचा हात सोडला. पदर सारखा केला, हातात निरांजन असावं तसे दोन्ही हात छातीशी धरले आणि इंजिनाच्या आवाजाकडे तोंड केलं. गाडी सुटली. कुणीतरी "आई" म्हणालं. त्या हलल्या नाहीत. आवाज कापूरहोळच्या रस्त्याला लागला, विरत गेला.

"आवं, पोर मान मोडूस्तवर मागं बघत हुती. आन् तुमी हाताचं बोट हालवलं न्हाई."

मालिनीबाईंचे हात छातीशी तसेच होते.

"गाडी कवाच गेली, वैनी. चला."

"थांब जरा."

एसटीनं उडवलेली धूळ त्यांच्या तोंडावर बसत होती. त्यांनी ती पुसली नाही.