पाच बोटांचे डाग

नव्या फ्रॉकची उंची ठरवायला आईने मुंगीला टेबलावर उभं केलं, आणि तिच्या हातातली टाचणी हातातच राहिली. पोरीच्या दोन्ही पोटऱ्यांवर काळपट तपकिरी डाग होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. कुणीतरी गच्च आवळून धरल्यासारखे.

"हे काय गं? कुणी केलं?"

"बाबांनी धरलं होतं," मुंगी म्हणाली आणि टेबलावरून उडी मारून पसारही झाली. सतत काहीतरी गोड तोंडात टाकत असायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं.

आई शिवणकाम करायची. लोकांची मापं घेण्यात जन्म गेलेला. संध्याकाळी पोरीला जवळ घेऊन तिने त्या डागांवर आपला पंजा ठेवून पाहिला. डाग बोटांच्या बाहेर उरले. एवढा मोठा हात घरात एकाचाच होता.

मुंगीचा बाबा मैदानाच्या फाटकाशी लिंबू सरबताची गाडी लावायचा. माणूस बोलघेवडा, पण हल्ली त्याचं डोकं तापलेलं असे. फाटकावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालून यायचा आणि घरी दार आपटायचा. पोरीवर मात्र त्याने कधी हातही उगारला नव्हता. कधी उगारला नाही, हे आईने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि जितकं सांगितलं तितकी तिची खात्री पातळ होत गेली.

विचारायचं तर तोंडाला कुलूप. तिने डागांना तेल चोळलं, साबण लावला. डाग ढिम्म. पोरीला ती शाळेतून परस्पर आपल्या दुकानात नेऊ लागली. "हल्ली गाडीवर पाठवत नाहीस तिला," तो एकदा म्हणाला. "तिचा अभ्यास घेते," असं म्हणून तिने मशीनचं चाक जोरात फिरवलं.

मग ते डाग शाळेच्या बाईंच्याही नजरेला पडले आणि त्यांनी दोघांना बोलावलं. बाईंनी दार लोटून घेतलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "मुलीला घरी कोण मारतं?"

बाबा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणीच हसलेलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

बाई समंजस होत्या. "आधी डॉक्टरांना दाखवू," म्हणाल्या आणि स्वतः सोबत आल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पोटऱ्या न्याहाळल्या, डाग बोटाने दाबून पाहिले. "दुखतं का?" मुंगीने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरीणबाई वाकून एका डागाखालची बारीक रेघ बघत राहिल्या. रेघ घोट्यापर्यंत उतरून खाली थेंबासारखी फुगली होती.

"हा ओघळ आहे. बोटांच्या वळांना ओघळ येत नाहीत," त्या म्हणाल्या. "बाबा काय काम करतात?"

"सरबत विकतो. लिंबाचं."

"हात दाखवा बघू. तसे नाही, उलटे." त्याच्या हातांच्या पाठीवर तसेच तपकिरी पट्टे होते. ते कामाचे असतील म्हणून त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं.

"लिंबू पिळताना हिला उन्हात उचललं होतं का?"

"सामना होता हो," तो अडखळत म्हणाला. "गर्दीत हिला काही दिसेना. तसेच ओले हात, खांद्यावर घेतली नि पाय धरून ठेवले. सामना संपेपर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. लिंबाच्या रसात, आणि सालीत तर जास्तच, एक द्रव्य असतं. सावलीत ते गरीब बिचारं. ऊन पडलं की अंगात आल्यासारखं करतं, कातडी भाजतं आणि मग ती कातडी जास्तीचा रंग तयार करते. आज लावलं आणि उद्या काळं झालं असंही नाही, डाग सावकाश उमटतो. "काही झाडांतलं हेच द्रव्य कोड झालेल्यांना रंग परत यावा म्हणून औषधात वापरतात. हिला मात्र फुकटात मिळालं. काही महिन्यांत डाग जातील. तोवर उन्हापासून जपा."

शाळेच्या बाईंनी हात जोडून त्याची माफी मागितली. "नाही हो," तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत."

आईचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथं स्वस्थ काही राहिला नाही. वाटेत मुंगी पुढे उड्या मारत चालली होती. तो बायकोकडे वळला.

"तुलाही तसंच वाटलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? याची भीती वाटली."

त्याने मान डोलावली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी घरी कसा वागत असेन, की तुला असं वाटावं," एवढंच तो म्हणाला, आणि तेही तिच्याकडे नव्हे, रस्त्याकडे बघून.

डाग हळूहळू फिके होत गेले. तो आता कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, तरी पोरीला उचलताना क्षणभर थबकायचा. ते थबकणं डागांपेक्षा जास्त दिवस टिकलं. आईला ते प्रत्येक वेळी दिसायचं.

एकदा तो पुन्हा तणतणत घरी आला, तेव्हा तिने मशीन थांबवलं. पूर्वी ती खाली मान घालून टाके मोजत बसली असती.

"काय झालं ते सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. मी ऐकतेय."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. मग चपला काढून तिच्यासमोर येऊन बसला आणि बोलू लागला.