सावखेड्याची वेस

प्रेमराजने शर्यतीची वेळ नोंदवण्याचे काम आपणहून मागून घेतले, ही त्याची पहिली चूक. जळगाव ते धुळे, नव्वद किलोमीटर, एकोणीस वर्षांखालील मुली. त्यांत त्याची पुतणी दिपमाला. पंचांच्या जीपमध्ये बसले की सारी शर्यत डोळ्यांसमोर राहील, इतकाच त्याने विचार केला. वेळ नोंदवणाऱ्याने कोणत्याही स्पर्धकाशी बोलायचे नाही, ही अट त्याने सही करताना वाचली होती. त्या अटीचे वजन मात्र त्याला वाटेत कळायचे होते.

तो कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवी. वर्षभर मेहरूणच्या तलावाभोवती त्याने पोरीला एकच गोष्ट शिकवली: पुढचीच्या चाकामागे हातभर अंतरावर राहा, वारा ती फोडते, तुझे सुमारे तीस टक्के श्रम वाचतात. शेवटचे दोन किलोमीटर येईपर्यंत पुढे यायचे नाही. पहिल्या तिघींना राज्याच्या शिबिरात जागा होती, आणि डिसेंबरात दिपमालाला एकोणीस वर्षे पूर्ण होणार होती. पुढच्या वर्षी ही शर्यत तिच्यासाठी नव्हती.

पंचावन्न किलोमीटर सारे पाठ केल्यासारखे झाले. पाच जणी इतरांपासून सुटल्या. दिपमाला चौथी, तिच्यामागे पाचवी, भूमिका नावाची नरडाण्याची मुलगी. वारा समोरून येत होता आणि दिपमालाच्या खांद्यांवर अजून कसलाही ताण नव्हता.

साठाव्या किलोमीटरला सावखेडे, त्यांचे गाव. आदल्या दिवशी थोरल्या भावाने, कौतिकने, फोनवर विचारले होते, "पोर गावमा कितला वाजता येई?" प्रेमराजने वारा, चढ आणि सरासरी धरून उत्तर दिले: नऊ वाजून बारा मिनिटे. ही दुसरी चूक.

"पण भाऊ, ती मागे असेल. मुद्दाम."

"दुसरीना मांगे दडीसन येई का आपली पोर? बठ्ठा गाव उभा राही!"

"दडणं नाही हो ते. शक्ती वाचवणं आहे."

"वाचाडीसन काय करस? गाव काय धुयाले उभं शे?" धुळ्याची शेवटची रेषा भावाच्या हिशेबात नव्हतीच.

आता वेस दिसू लागली. कमानीवर दिपमालाचा माणसाएवढा फोटो, खाली डफवाले, औक्षणाची ताटे घेतलेल्या बाया, ट्रॉलीवर चढलेली माणसे. एक किलोमीटर आधीच दिपमाला ओळीतून बाहेर सरकली आणि पेडलवर उभी राहिली.

"आयला, काय सुटली!" चालक झुलाल म्हणाला.

प्रेमराजने खिडकीची काच खाली घेतली. मुख्य पंच सुनंदाबाईंनी पुढच्या सीटवरून मान वळवली.

"सर, तुम्ही फक्त घड्याळ."

त्याने काच वर केली. चौतीसचा वेग त्रेचाळीसवर गेला होता. समोरचा वारा आणि सुटलेला आडोसा धरला तर ती अडीचपट ताकद खर्च करत होती. तोंडी हिशेबाला दहा सेकंद लागले. तेवढ्यात दिपमालाने आणखी शंभर मीटर जाळले. मागे भूमिकाने मानही वर केली नाही. बाटली काढून ती दोन घोट पाणी प्यायली.

नऊ वाजून बारा मिनिटांनी दिपमाला कमानीखालून पहिली गेली. गुलाल उडाला. गर्दीत कौतिक दोन्ही हात वर करून नाचत होता.

गावाबाहेर ती श्वास घेण्यासाठी सीटवर बसली. त्याच क्षणी चौघी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने तिला मागे टाकून गेल्या. तिने शेवटच्या चाकाला चिकटायचा प्रयत्न केला. अंतर एक हात होते, मग चार हात झाले, मग मोजण्यात अर्थ उरला नाही.

जीपने आघाडीमागे राहायचे, असा नियम. झुलालने तिला ओलांडायला गाडी बाजूला घेतली. जीप पुढे होऊन आडोसा मिळताच ती सवयीने जीपमागे सरकली, अगदी शिकवल्याप्रमाणे, हातभर अंतरावर.

"सर, जराशी हळू घेऊ का?" झुलाल दबक्या आवाजात म्हणाला. "एक मिनिट. पोरीला दम घेता येईल."

एक मिनिट पुरले असते. प्रेमराजला तेही माहीत होते. आणि वाहनाचा आडोसा घेतलेली स्पर्धक बाद होते, हेही. सुनंदाबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. त्या वाट पाहत होत्या.

"पुढे घ्या, झुलालभाऊ."

मागच्या काचेतून त्याने पाहिले. वारा पुन्हा अंगावर येताच तिची मान खाली गेली. पाय फिरत होते, सायकल तेवढी पुढे येत नव्हती. तिने एकदा वर पाहिले आणि भुवया उंचावल्या: काका, आता काय करू? त्याच्याकडे उत्तर होते. हळू हो, मागून येणाऱ्या घोळक्याची वाट बघ, त्यात शीर. ते सांगायला पाच सेकंद लागले असते.

जीप आघाडीमागे आल्यावर सुनंदाबाईंनी विचारले, "तिचं अंतर किती, सर?"

"अठ्ठेचाळीस सेकंद," तो म्हणाला आणि त्याने तो आकडा लिहिला.

फोन वाजला. कौतिक होता.

"पहिली! प्रेम, तू देखं का? पहिली उनी पोर गावमा!"

"देखं, भाऊ."

"मास्तर लोके नुस्तं गणित करतस. आतेबी पुढेच शे ना?"

प्रेमराजने मागे पाहिले. वळणामुळे आता रस्ता रिकामा दिसत होता.

"काय रे? आवाज नही येस का?"

"हां भाऊ," तो म्हणाला. "आवाज नाही येत."

तरी त्याने फोन कानापासून काढला नाही.