वरचे सहा दात

लेक बेचाळिशीला टेकली होती. शाळेत गणित शिकवायची, पण बोलताना ओठ जेमतेम उघडायचे. पुढच्या दातांवर राखाडी-तपकिरी आडवे पट्टे होते, काही केल्या न जाणारे. ते कशाने आले, हे आईला पक्कं ठाऊक होतं. लेक दीड वर्षाची असताना ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तिनेच चमच्याने पाजलं होतं. ते हिरड्यांत घडत असलेल्या पक्क्या दातांत मुरलं. पुढे कधीतरी हे कळलं, तेव्हापासून तिने ते मनातच दाबून ठेवलं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी व्हेनिअरचा नमुना लेकीच्या तळहातावर ठेवला. पोर्सिलेनची, नखाएवढी पातळ चकती. ती दातावर पुढून चिकटवायची. त्याआधी दाताचा वरचा थर किंचित घासावा लागतो, आणि एकदा घासलेला तो पुन्हा येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी चकत्या बदलाव्या लागतील, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग आईकडे वळून विचारलं, लहानपणी हिला काही औषध दिलं होतं का?



“मीच पाजलं होतं. दोन बाटल्या.”

लेक नमुन्याकडेच बघत होती.

“मला माहीत आहे गं. बाबांनी जाण्याआधी सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कुठे बोललीस? आणि ताप उतरला ना तेव्हा?”

आईने मान हलवली. पदराने डोळे पुसायचंही तिला भान राहिलं नाही. डॉक्टरीणबाई काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

आठवडाभर विचार करून लेकीने वरच्या सहा दातांचं ठरवलं. रंग फार पांढरा नको, वयाला शोभेल असा हवा, हेही तिनेच सांगितलं. दात घासले त्या दिवशी तात्पुरत्या चकत्या बसल्या, आणि दोन आठवड्यांनी पक्क्या. दोन्ही वेळा आई बाहेरच्या बाकावर बसून होती. यंत्राचा आवाज थांबला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

शेवटच्या दिवशी लेक बाहेर आली आणि हसली. आई बराच वेळ बघत राहिली.

“थोडी परकी वाटतेस,” ती म्हणाली.

“मलाही वाटतेय. होईल सवय.”

जिना उतरताना लेकीने आईचा हात धरला आणि रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.