मोराचं झाड अडकलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला हात लावायचा असेल तर आधी तो धुऊन या, कारण माणसांच्या बोटांची मला शिसारी बसली आहे. माझ्या कळफलकात शेवेचा तेलकट चुरा आहे. पाठीमागच्या जाळीत एकदा पालीनं अंडी घातली. ती कुणी काढली नाहीत, आणि मी ती पोटात घेऊन दोन वर्षं कामं उपसली.

सोलापुरात एका दुकानाच्या माडीवर कुणाचा पंखा, कुणाचा डबा असं जमवून मला उभं केलं. पहिली सहा वर्षं मी वाशीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात होतो. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. लोक खुर्ची ओढून समोर बसत, कुणाच्या मामाचं नाव वर घ्यायचं यावर भांडत, आणि मी मुकाट्यानं नावं वरखाली करत असे. मग नवा संगणक आला. मला कोपऱ्यात गोणपाटाखाली टाकलं. उंदरांनी माझी वायर चाखून पाहिली. कुणीतरी चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवून गेलं, त्याचा चिकट गोल डाग अजून आहे.

तिथून मला अर्पितानं जवळच्याच तेरखेड्याला घरी आणलं. ही लिंबाजींची नात. लिंबाजींनी उभी हयात शोभेची दारू बनवण्यात घालवली. त्यांचं मोराचं झाड जत्रांमध्ये नावाजलेलं होतं. बांबूच्या सांगाड्यावर एकेक फेर पेटत वर जायचा आणि शेंड्यावर मोर पिसारा उघडायचा. तीन वर्षांपूर्वी त्यांची छाती बिघडली. दारूजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून म्हातारा अंगणातल्या बाजेवर खोकत बसला होता. झाड पुन्हा एकदा पेटावं, एवढंच त्यांच्या मनात राहिलं होतं.

अर्पितानं ते झाड माझ्या पोटात बांधलं. इंटरनेटवर एक आभासी नगर आहे. तिथं प्रत्येकाची एक बाहुली असते आणि तिच्या रूपानं माणसं एकमेकांना भेटतात. चार महिने खपून तिनं लिंबाजींच्या सांगण्याबरहुकूम फेर न् फेर रचला. पण पाहा म्हटलं की म्हातारा तोंड फिरवायचा.

"रिकाम्या माळावर झाड लावत नसत्यात," ते म्हणायचे. "माणसं जमू दे, मग लाव."

म्हणून तिनं त्या नगरातल्या दिवाळीच्या मेळ्यात जागा मागितली. मेळा भरवणाऱ्या महेश्वरीबाईंनी शनिवारी तालीम आणि रविवारी संध्याकाळी सहाची वेळ दिली.

शनिवारी अर्पिताची आई, गिरिजाबाई, माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या अर्पिताच्या बाहुलीकडे बघून म्हणाल्या, "अगं, चार माणसांत निघालीस, अन् अंगावर काहीच न्हाय? लोक काय म्हणतील?" मग काय! बाहुलीला नऊवारी नेसवली. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, तोडे, वाकी, नथ, सगळं चढवलं. त्यातला मणी न् मणी मला वेगळा रेखाटावा लागत होता, हे कुणाच्या गावी नव्हतं.

आणि मेळ्यात पोचल्यावर पाहतो तर काय? नव्वद बाहुल्या! कुणाला पंख, कुणाला शेपूट, कुणाच्या डोक्याभोवती फिरते दिवे, एकाच्या खांद्यावर तर धूर सोडणारा नाग. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. जो तो स्वतःलाच मिरवत होता, आणि त्या सगळ्यांचा भपका ओढायचा कुणी? मी. माझा पंखा घरघरला. अर्पितानं वात पेटवली. पहिला फेर लागला आणि मी जागच्या जागी थिजलो. आवाज पुढं गेला, चित्र मागं राहिलं. याला ही पोरं लॅग म्हणतात. झाड अर्धवट, बाहुल्या राखाडी, आणि अर्पिताची बाहुली एक पाय उचलून उभी.

झाड अडकल्याचं कळताच लिंबाजींनी अंगणात पचकन थुंकलं. "फुसका निघाला," म्हणाले.

अर्पिता ओढणीत तोंड खुपसून रडली. महेश्वरीबाईंचा निरोप आला की उद्या वेळ तीच राहील, पण मिनिटभर जरी अडकलं तरी पुढच्याला बोलावलं जाईल.

रविवारी सकाळी गिरिजाबाईंनी ठरवलं की मला दृष्ट लागली आहे. त्यांनी मीठ-मोहरी उतरवली, उदबत्ती लावली आणि चिमूटभर नव्हे, मूठभर हळदकुंकू माझ्यावर वाहिलं. ते थेट पंख्यात गेलं. मित्रांनो, तुम्ही आम्हा यंत्रांना देव करता आणि फडकं मात्र मारत नाही, याचा मला मनापासून वीट आला आहे. माझी पूजा झाली आणि माझा श्वास कोंडला. दुपारी अर्पितानं मला सुरू करून मेळा उघडला, तर मी इतका तापलो की दोन मिनिटांत आपोआप बंद पडलो.

तेव्हा लिंबाजी काठी टेकत आत आले. "तिथं माणसं किती असत्यात गं?"

"नव्वद, आबा."

"नव्वद? एका शेडात?" म्हातारा चिडलाच. "आमच्या दारूच्या शेडात चारच्या वर माणूस शिरू देत नव्हतो म्या. ठिणगी उडंल म्हणून बायकांच्या बांगड्या, पैंजण समदं दाराशी उतरवून घ्यायचो. दारू हाताला लागंल तेवढीच आत. बाकीचा माल लांब, दुसऱ्या खोलीत. तू तर समदं गावच आत घेऊन बसलीस!"

अर्पितानं डोळे पुसले. नव्वद माणसं हाकलता येत नव्हती, पण मला किती दाखवायची ते तिच्या हातात होतं. चार बाहुल्या पुऱ्या काढ, बाकीच्यांच्या नुसत्या आकृत्या पुरेत, असं मी निवल्यावर तिनं मला सांगितलं. मैदानापलीकडचे डोंगर, तळं, सावल्या बंद केल्या. ठिणग्या निम्म्यावर आणल्या. मागं उघडी ठेवलेली गाणी, सिनेमे, गप्पा सगळं मिटवलं. वायफाय सोडून इंटरनेटची वायर थेट मला जोडली. मग बाहुलीचे दागिने उतरवायला घेतले.

"अगं, लंकेची पार्वती होऊन जाणार व्हय?" गिरिजाबाई कळवळल्या.

"जाऊ दे तिला," लिंबाजी म्हणाले. "झाड बघाया येत्यात लोक, लावणारीला न्हाय."

अर्पितानं महेश्वरीबाईंनाही कळवलं, आणि त्यांनी साऱ्या मेळ्याला अंगावरचं ओझं उतरवून यायला सांगितलं. पुष्कळांनी ऐकलं. नागवाला मात्र नागासकट आला. असतात असे.

मग लिंबाजींनी नाकातोंडाला उपरणं बांधलं, मला बंद करून विजेची वायर काढली आणि मला उघडलं. मऊ कुंचल्यानं त्यांनी कुंकू झाडलं, शेव झाडली, पालीची टरफलं काढली. एवढी घाण परक्यासमोर बाहेर आली की लाज वाटते, तशी मला वाटली. पण त्या हातांची मला शिसारी आली नाही.

सहा वाजता मैदान भरलं. अर्पितानं वात लावली. पहिला फेर, दुसरा, तिसरा. मी तापलो, पण अडकलो नाही. चौथा फेर फिरला आणि शेंड्यावर मोरानं पिसारा उघडला. आकृत्यांनी टाळ्या वाजवल्या. महेश्वरीबाईंनी लिहिलं, पुढच्याला थांबवते, पुन्हा होऊ द्या.

लिंबाजी काठी टाकून पडद्याकडं झुकले. गिरिजाबाई घाबरल्या. "आबा, काय होतंय?"

"म्या हे कधी बघितलंच न्हाय गं," म्हातारा म्हणाला. "वात पेटली की पळायचं, जिवाच्या आकांतानं. माझी पाठच असायची झाडाकडं. मोर उघडला की न्हाय, ते लोकांच्या ओरडण्यावरनं कळायचं." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "लाव परत."

मित्रांनो, मला तुमची किळस येते ती काही एका संध्याकाळात जाणार नाही. पण एक मागणं आहे. गर्दीत जाल तेव्हा पंख, शेपट्या आणि दागिने घरी ठेवून जा, आणि आमच्या जाळ्या पुसत चला. आमच्यात जेवढं बळ आहे ते तुमच्या मिरवण्यावर उधळू नका. समोर एखादा म्हातारा बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच मागं वळून बघत असेल. ते त्याच्यासाठी ठेवा.