दोन गिरजा

शामने तिसऱ्यांदा मशीन बंद करून चालू केलं आणि खिडकीबाहेरच्या रांगेकडे बघायचं टाळलं. काल फ्लॉपीवरून धसईकडच्या पाड्यांची यादी चढवली, तेव्हापासून दाखल्यांचा प्रोग्रॅम उघडला की लगेच बंद पडत होता. मुरबाडच्या या कचेरीत संगणक आला तेव्हा नारळ फोडायला सगळे हजर होते. आता तो रुसला की समजूत काढायला एकटा शाम.

"एकच माणूस दोनदा शिरलाय," ठाण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला. "जुळी नोंद शोधा आणि एक उडवा."

शोधता शोधता दीड वाजला, डबा तसाच राहिला. अखेर सापडली: गिरजा जयराम मेंगाळ. बाप तोच, पाडा तोच, फक्त जन्मसालं वेगळी, त्र्याऐंशी आणि शहाऐंशी. कुणीतरी पेंगत भरलं असणार, असं म्हणून त्याने खालची नोंद उडवली. प्रोग्रॅम गुमान चालू झाला.

रांग सरकू लागली. तीनच्या सुमारास खिडकीशी एक वाळका माणूस आणि दोन वेण्या घातलेली मुलगी आली.

"पोरीला रहिवासी दाखला पायजे," माणूस म्हणाला. "नर्सच्या शिक्षनाला. आजच शेवट हाय, शहापूरला पोचायचंय."

"नाव?"

"गिरजा जयराम मेंगाळ," मुलगी म्हणाली.

शामचे हात थबकले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर शहाऐंशी होतं आणि पडद्यावर त्र्याऐंशी.

"मग ही त्र्याऐंशीची कोण?"

जयरामने खिडकीचा गज धरला. "ती पयली. दोन वरसांची होऊन गेली. मंग ही झाली. तीच परत आली, म्हून तेच नाव. रजिस्टरातून काढायला कोन जातंय, साहेब?"

मुलगी बापाकडे बघत राहिली. तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शामला स्वतःचीच लाज वाटली. एवढा जीव आटवून त्याने जिवंत पोरगीच उडवली होती. शाळेच्या दाखल्यावरून त्याने तिची माहिती पुन्हा भरली, पण मशीन हटून बसलं: ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. सही करणारे साहेब चारला उठणार होते.

"पहिलीची नोंद काढावी लागेल," तो म्हणाला. "काढू?"

मान खाली घालून जयराम गजावरचा रंग नखाने खरवडत राहिला.

"काढू नका, सर," गिरजा म्हणाली. "तिच्या नावाम्होरं थोरली लिवा."

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. शामने लिहिलं. मशीनने दोघींनाही मुकाट्याने घेतलं, दाखला निघाला, सहीही झाली.

"तिचं नाव बगू द्याल?" जाता जाता गिरजाने विचारलं.

शामने मशीनचा जड पडदा जमेल तेवढा खिडकीकडे वळवला. तिने गजांतून वाकून दोन्ही नावं मोठ्याने वाचली. शहापूरच्या गाडीला दहा मिनिटं उरली होती.

"थोरलीचं," जयराम म्हणाला, "पुन्यांदा वाच."